चालू गाडीची बॅटरी काढून अल्टरनेटर तपासू नका

नागपुरात मे महिना लागला की बॅटऱ्या धडाधड बसतात, आणि काही गॅरेजमध्ये अजूनही तीच जुनी टेस्ट करतात. इंजिन चालू ठेवायचं, बॅटरीची वायर काढायची, गाडी बंद नाही पडली तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, ओके. कार्बुरेटरच्या गाडीत हे खपून जायचं. आता इंजिनपासून एअरबॅगपर्यंत सगळीकडे मायक्रोकंट्रोलर, म्हणजे छोट्या कॉम्प्युटरसारख्या चिपा बसलेत, ते 5 किंवा 3.3 व्होल्टवर चालतात, आणि ही टेस्ट सरळ त्यांच्या जिवावर उठते.

कशी ते बघा. अल्टरनेटरमध्ये एक फिरणारी फील्ड कॉइल, म्हणजे तारेचं विद्युतचुंबक असतं, त्या कॉइलमधला करंट कमीजास्त करून रेग्युलेटर व्होल्टेज 14 च्या आसपास धरून ठेवतो. बॅटरी उतरलेली असली की ती भरपूर करंट ओढते, म्हणजे फील्ड जोरात असतं, आणि नेमकी तेव्हाच तुम्ही वायर काढता. रेग्युलेटर फील्डचा सप्लाय लगेच तोडतो, पण कॉइलमधला करंट एकदम शून्य होतच नाही, शाळेत शिकलेलं इंडक्टन्स ते हेच, तो ओसरायला काहीशे मिलिसेकंद जातात. तेवढा वेळ चुंबक जोरात, रोटर फिरतोय, आणि तो करंट घेणारी बॅटरी मात्र गायब, मग व्होल्टेज वर चढतं. याला लोड डंप म्हणतात. आयएसओ 16750-2 या गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या आंतरराष्ट्रीय मानकात 12 व्होल्टच्या गाडीसाठी याची टेस्ट आहे, 79 ते 101 व्होल्ट, 40 ते 400 मिलिसेकंद! बऱ्याच नव्या अल्टरनेटरमधले डायोडच ते 35 च्या आसपास थोपवतात, पण 5 व्होल्टच्या चिपला 35 म्हणजे सातपट झाले.

म्हणून खरी कारागिरी चिपच्या बाहेरच्या सर्किटमध्ये असते. दारातच टीव्हीएस डायोड, एरवी गप्प, व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं की तो सगळा करंट स्वतःतून ग्राउंडला नेतो. तो दणकट लागतो, कारण मायक्रोसेकंदाच्या झटक्यासाठी बनवलेला छोटा डायोड इथे जळून जातो. मग बॅटरी उलटी जोडली तर अडवणारा मॉसफेट, म्हणजे एक इलेक्ट्रॉनिक स्विच, आणि 40 व्होल्ट सोसून चिपला तिचे 5 व्होल्ट देणारा वेगळा रेग्युलेटर. स्टार्टर मारताना उलटंच होतं, थंडीत व्होल्टेज 6 च्याही खाली जाऊ शकतं, तेव्हा चिप रिसेट होऊ नये म्हणून कपॅसिटरमध्ये साठा ठेवावा लागतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर 10 अंशाला साधारण निम्मं होतं, त्यामुळे आपल्या विदर्भाच्या उन्हात तो निवडताना काटकसर करूच नये.

चिपच्या पिनांचंही तसंच. दरवाज्याच्या स्विचचा 12 व्होल्टचा सिग्नल चिपला द्यायचा तर मध्ये 10 किलोओहमचा रेझिस्टर टाका. 35 व्होल्ट आले तरी चिपच्या आतल्या संरक्षक डायोडमुळे पिनवर 5.6 च्या आसपास राहतं, बाकीचे 29.4 रेझिस्टरवर, करंट सुमारे 3 मिलिअँपिअर. चिपच्या डेटाशीटमधली मर्यादा त्याहून कमी असेल तर 22 किलोओहम घ्या.

मग अल्टरनेटर तपासायचा कसा? मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू, वायर जागेवर, मीटर बॅटरीच्या दोन टोकांवर. 13.8 ते 14.5 दाखवलं की अल्टरनेटर चार्ज करतोय.