फिर्याद कोणाच्या परवानगीने? नेते, गोपनीय कागद आणि 1923 चा कायदा

गोपनीय कागद हाताबाहेर जाऊ देणाऱ्या, घरी नेऊन ठेवणाऱ्या किंवा गहाळ करणाऱ्या नेत्यावर खटला चालवावा का, हा प्रश्न अमेरिका आणि पाकिस्तानातल्या बातम्यांमुळे आपल्याकडेही चर्चेला आला. मराठवाड्यात तो निव्वळ परदेशातला विषय राहत नाही. 2023 मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी इथल्या तहसील कचेऱ्यांमधले जुन्या नोंदींचे रुमाल सुटले, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली, आणि एक कागद सापडला किंवा नाही सापडला तर पुढच्या पिढीचे काय होते हे घराघरात कळले. सरकारी कागद कोणी सांभाळायचा आणि हलगर्जी झाली तर जाब कोणाला विचारायचा, याची झळ इथल्या माणसाने सोसलेली आहे.

कोणता कागद लोकांपासून दूर ठेवायचा हे सत्तेत बसलेला माणूस ठरवतो, याचा इथला सर्वांत मोठा अनुभव 1948 चा. सप्टेंबरात पाच दिवसांची पोलीस ॲक्शन झाली, हैदराबाद संस्थान भारतात आले. त्याआधी रझाकारांनी गावोगाव केलेले अत्याचार आजही घराघरात सांगितले जातात. कारवाईच्या काळात आणि नंतर मुस्लिम वस्त्यांवर जे गुदरले त्याची पाहणी करायला तत्कालीन पंतप्रधानांच्या सांगण्यावरून तिघांचे शिष्टमंडळ आले. 29 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर 1948 या काळात ते संस्थानातल्या 16 पैकी 9 जिल्ह्यांत फिरले. किमान 27 हजार ते 40 हजार माणसे मारली गेली असावीत, असा अंदाज त्यांनी नोंदवला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. तत्कालीन गृहमंत्र्यांनी या शिष्टमंडळाची अधिकृतताच अमान्य केली. अहवाल प्रसिद्ध झाला नाही. त्यातले उतारे पुढे बाहेर आले खरे, पण मूळ कागद दिल्लीतल्या एका ग्रंथालयात वाचायला मिळू लागल्याची बातमी यायला 2013 उजाडले. अहवालातल्या आकड्यांवर वाद होऊ शकतो, आणि तो व्हायलाच हवा होता. तो साक्षीदार जिवंत असताना झाला नाही, हे या भागाचे मोठे नुकसान आहे.

कायदा याहून जुना. 1889 मध्ये इंग्रजांनी पहिला गुपितांचा कायदा आणला, 1904 मध्ये तो कडक केला, आणि 1923 मध्ये आजचा शासकीय गुपिते अधिनियम आला. स्वातंत्र्यानंतर तो तसाच ठेवला गेला, 1967 मध्ये दुरुस्तीही झाली. त्यातले कलम 3 हेरगिरीचे. संरक्षणविषयक बाब असेल तर 14 वर्षांपर्यंत शिक्षा. नेत्यांच्या संदर्भात महत्त्वाचे ते कलम 5. अधिकार नसलेल्याला गुपित देणे हा तर गुन्हा आहेच. पण ठेवण्याचा हक्क नसताना कागद स्वतःजवळ ठेवणे, परत करण्याचा आदेश न पाळणे आणि त्याची वाजवी काळजी न घेणे हेही गुन्हेच आहेत. पदावर असलेला आणि पूर्वी पदावर असलेला, दोघेही त्यात येतात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. म्हणजे माजी मंत्र्याच्या घरी गोपनीय फाईल सापडली तर कोणते कलम लावायचे, याचे उत्तर शंभर वर्षांपासून पुस्तकात आहे. मंत्री गोपनीयतेची शपथ घेतात ती वेगळी गोष्ट. ती राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे आणि ती मोडल्याबद्दल तिथे कोणतीही शिक्षा सांगितलेली नाही.

गाडे अडते ते कलम 13 वर. या कायद्याखालच्या गुन्ह्याची न्यायालयाला आपणहून दखल घेता येत नाही. सरकारच्या आदेशाने किंवा सरकारने अधिकार दिलेल्याकडून फिर्याद यावी लागते. कोणत्या सरकारच्या? कलम 5 चा गुन्हा एखाद्या प्रतिबंधित जागेशी किंवा परकीय सत्तेशी संबंधित नसेल तर राज्य सरकारच्या, बाकी सर्व बाबतींत केंद्राच्या. सामान्य नागरिक, पत्रकार, आमदार यांपैकी कोणीही थेट न्यायालयात जाऊन 'या मंत्र्याने फाईल घरी ठेवली, खटला चालवा' असे म्हणू शकत नाही. मंत्रालयातल्या कागदाबद्दल खटला चालवायचा की नाही हे मंत्रालयच ठरवणार. नेत्यांवर खटला असावा का या साऱ्या वादाचे मूळ मला इथे दिसते, आणि चर्चेत नेमके हेच कलम मागे पडते.

2021 मध्ये महाराष्ट्राने हे जवळून पाहिले. राज्य गुप्तवार्ता विभागाचा पोलीस बदल्यांविषयीचा एक अहवाल 2020 मध्ये तयार झाला होता. मार्च 2021 मध्ये तत्कालीन विरोधी पक्षनेत्यांनी पत्रकार परिषदेत त्याचा हवाला दिला, 6.3 जीबी माहिती आपल्याकडे असल्याचे सांगितले आणि ती दिल्लीत केंद्रीय गृहसचिवांकडे सोपवली. काही दिवसांतच मुंबईत सायबर पोलिसांकडे अज्ञात व्यक्तींविरुद्ध गुन्हा दाखल झाला. त्यात शासकीय गुपिते अधिनियमाचेही कलम होते. मार्च 2022 मध्ये पोलिसांनी विरोधी पक्षनेत्यांच्या निवासस्थानी जाऊन त्यांचा जबाब घेतला. राज्यभर आंदोलने झाली, मराठवाड्यातही नोटिशीच्या होळ्या झाल्या. मग जून 2022 मध्ये सरकार बदलले, जबाब देणारे नेते उपमुख्यमंत्री झाले आणि गृहखाते त्यांच्याकडे आले. तपास केंद्रीय यंत्रणेकडे गेला. तिने प्रकरण बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला.

या प्रकरणात दोन्ही बाजूंचे म्हणणे तोलून पाहण्यासारखे आहे. तत्कालीन सरकारचे म्हणणे असे की फोन टॅपिंगवर आधारलेला गुप्त अहवाल बाहेर गेला, हे राज्याच्या सुरक्षेला घातक आहे. विरोधी पक्षनेत्यांचे म्हणणे असे की बदल्यांतला गैरव्यवहार उघड करणे हे आपले कामच होते आणि कागद आपण गल्लीत वाटला नाही, जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती दिला. मला दुसऱ्या युक्तिवादात जास्त तथ्य वाटते. लोकहिताचा गैरव्यवहार दाखवणारा कागद आणि लष्करी नकाशा यांना एकच कलम लावणे चूक आहे. पण प्रश्न त्याच्याही पुढचा आहे. ज्या सरकारच्या कारभारावर अहवालात बोट होते त्याच सरकारच्या पोलिसांनी गुन्हा नोंदवला, आणि ज्यांचा जबाब झाला त्यांच्याच हाती पुढे गृहखाते आले. कोणत्याही टप्प्यावर सत्तेबाहेरच्या कोणी तटस्थपणे 'खटला योग्य की अयोग्य' हे ठरवले नाही. कायद्यातच तशी सोय नाही.

मराठवाड्याने देशाला दोन केंद्रीय गृहमंत्री दिले, एक नांदेडचे आणि एक लातूरचे. नांदेडच्या गृहमंत्र्यांच्या काळात 1993 मध्ये राजकारणी आणि गुन्हेगार यांच्या साट्यालोट्यावर गृहसचिवांचा अहवाल तयार झाला. 1995 मध्ये तो संसदेपुढे आला, त्याची जोडपत्रे मात्र बाहेर आली नाहीत. लातूरच्या गृहमंत्र्यांच्या काळात, जून 2006 मध्ये, प्रशासकीय सुधारणा आयोगाने 1923 चा कायदा रद्दच करावा आणि गुपितांच्या आवश्यक तरतुदी राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात घ्याव्यात, अशी शिफारस केली. सरकारने ती स्वीकारली नाही. ज्या ब्रिटनचे अनुकरण करून हा कायदा झाला, त्याने स्वतःचे सर्वसमावेशक कलम 1989 मध्येच काढून टाकले होते.

खटले झाले ते कोणावर? 1985 मध्ये पंतप्रधानांच्या कार्यालयापर्यंत पोहोचलेले हेरगिरीचे प्रकरण उघड झाले. त्यात खालच्या फळीतले कर्मचारी आणि एक मध्यस्थ सापडले. निकाल 2002 मध्ये लागला. 1999 मध्ये मंत्रिमंडळाची टिपणी छापणाऱ्या पत्रकारावर दोषारोप झाले, तो 2009 मध्ये सुटला. 2002 मध्ये दिल्लीत एका पत्रकाराला उघड उपलब्ध असलेल्या माहितीवरून अटक झाली, महिनोन्‌महिने तुरुंगात ठेवले आणि मग जानेवारी 2003 मध्ये सरकारनेच खटला मागे घेतला. पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री राहिलेल्या कोणालाही या कायद्याखाली शिक्षा झाल्याचे उदाहरण भारतात नाही. मार्च 2019 मध्ये लढाऊ विमानांच्या खरेदीचे कागद संरक्षण मंत्रालयातून चोरीला गेल्याचे सरकारी वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितले, नंतर मूळ कागद नव्हे तर त्यांच्या छायाप्रती म्हणायचे होते असा खुलासा केला. धाक दाखवला गेला तो ते छापणाऱ्या वृत्तपत्राला. 10 एप्रिलला न्यायालयाने छापून आलेले कागद विचारात घेण्यावरचा सरकारचा आक्षेप फेटाळला.

शेजारी हाच 1923 चा कायदा, त्यांच्याकडच्या दुरुस्त्यांसह, एका माजी पंतप्रधानावर चालला. मार्च 2022 मध्ये सभेत कागद फडकवून त्यांनी परकीय कटाचा आरोप केला होता. परराष्ट्र खात्याचा गुप्त संदेश उघड केल्याबद्दल आणि प्रत परत न केल्याबद्दल पाकिस्तानातल्या विशेष न्यायालयाने 30 जानेवारी 2024 रोजी, सार्वत्रिक निवडणूक आठवड्याभरावर असताना, त्यांना 10 वर्षांची शिक्षा सुनावली. सुनावणी तुरुंगातच झाली. 3 जूनला उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. खटल्याला विरोध करणाऱ्यांना हे उदाहरण हाताशी असते, आणि सूडाची त्यांची भीती खोटी नाही.

अमेरिकेत 1978 च्या कायद्याने अध्यक्षांचे कागद राष्ट्राच्या मालकीचे झाले. ऑगस्ट 2022 मध्ये माजी राष्ट्राध्यक्षांच्या फ्लोरिडातल्या घराची झडती झाली, जून 2023 मध्ये आरोप ठेवले गेले. 15 जुलै 2024 रोजी विशेष वकिलाची नेमणूकच घटनाबाह्य ठरवून न्यायाधीशांनी खटला रद्द केला, आणि नोव्हेंबरात ते पुन्हा निवडून आल्यावर त्यांच्याविरुद्धचे अपील मागे घेतले गेले. तेव्हाच्या विद्यमान अध्यक्षांच्या घरीही जुने गोपनीय कागद निघाले होते. त्यांनी ते स्वतःहून परत केले, तपासाला सहकार्य केले, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये खटला न भरण्याचा निर्णय झाला. तिथे निदान फरक करण्याची एक कसोटी तरी लेखी दिसते: चुकून राहिला की मागूनही दिला नाही.

आपल्याकडे गहाळ कागदांसाठी दुसरा कायदा आहे. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम 1993 चा. अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 10 हजार रुपयांपर्यंत दंड. महाराष्ट्राने त्याच धर्तीवर 2005 मध्ये स्वतःचा कायदा केला. जबाबदारी मात्र अभिलेख अधिकाऱ्याची. फाईल मंत्र्याच्या दालनात गेली आणि परतलीच नाही तरी बारनिशीत, म्हणजे आवक-जावक नोंदवहीत, सही कारकुनाची असते, आणि चौकशीही त्याचीच होते. 2010 मध्ये मुंबईतल्या एका वादग्रस्त इमारतीच्या फायलीतली पाने नगरविकास विभागातून नाहीशी झाली, तेव्हा अटक झाली ती कर्मचाऱ्यांना.

2023 च्या शोधात मराठवाड्यातली पावणेदोन कोटींच्या आसपास कागदपत्रे तपासली गेली. पहिल्या अहवालात 11,530 कुणबी नोंदी सापडल्याचे सरकारने सांगितले. खासरा पत्रके, पाहणी पत्रके, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या असे सगळे पालथे घातले गेले, हैदराबादेहून निजामकालीन दस्तऐवज मागवले गेले. वाळवी लागलेल्या आणि गहाळ झालेल्या दप्तरांबद्दल गावोगाव तलाठ्यांना बोल लावले गेले. अभिलेखागारांना पैसा आणि माणसे न देणारे कोण होते, हे विचारण्याची तरतूद दोन्ही कायद्यांत नाही.

1923 च्या कायद्याचा फेरविचार करण्यासाठी केंद्राने 2015 मध्ये समिती नेमली. तिचा अहवाल 2017 मध्ये मंत्रिमंडळ सचिवालयाकडे गेला. कलम 13 आजही तसेच आहे.