पाच वेळा आमदार, पण पाचही वेळा कोपरी-पाचपाखाडीतून नव्हे

ठाण्यात निवडणूक आली की कट्ट्याकट्ट्यावर एक वाक्य ऐकू येतं: ‘शिंदेसाहेब कोपरी-पाचपाखाडीतून पाच वेळा आमदार, आणि पहिलं तिकीट दिघेसाहेबांनीच दिलं.’ दोन्ही अर्धवट खरं.

एकनाथ शिंदे पाच वेळा निवडून आले, हे बरोबर. पण २००४ साली कोपरी-पाचपाखाडी नावाचा मतदारसंघच नव्हता. ते जिंकले ‘ठाणे’ मतदारसंघातून. मतदारसंघांच्या पुनर्रचनेत कोपरी-पाचपाखाडी वेगळा झाला, आणि तिथून २००९, २०१४, २०१९, २०२४ असे चार विजय. ठाणे मतदारसंघ आजही आहे, गोंधळ बहुधा त्यामुळेच.

तिकिटाचं म्हणाल तर आनंद दिघे गेले २६ ऑगस्ट २००१ रोजी. आमदारकीची पहिली निवडणूक त्यानंतर तीन वर्षांनी. दिघ्यांच्या हयातीत शिंदे झाले ते नगरसेवक, १९९७ मध्ये. दिघ्यांचा आश्रम होता त्या टेंभी नाक्यावर हे सांगितलं तर लोक जरा रागावतात; तारखा मात्र बदलत नाहीत. आणि स्वतः दिघे? शिवसेनेचे जिल्हाप्रमुख होते, आमदार कधीच नव्हते. २०२४ ला त्यांचे पुतणे केदार दिघे शिंद्यांच्याच विरोधात उभे राहिले आणि लाखाहून अधिक मतांनी हरले.