आकाशगंगेचा गाभा: जेवढी ताऱ्यांची वयं, तेवढे नकाशे

आपल्या आकाशगंगेचं केंद्र धनू राशीच्या दिशेला, सुमारे २६ हजार ७०० प्रकाशवर्षांवर आहे. पण साध्या प्रकाशात ते दिसत नाही. मधल्या धुळीतून, ढोबळमानाने, एक लाख कोटी प्रकाशकणांतला एखादाच आपल्यापर्यंत पोचतो. (त्यात धनू रास रात्री चांगली वर येते ती ऐन पावसाळ्यात. महाराष्ट्रातल्या आकाशनिरीक्षकांचं दुखणं जुनंच आहे.)

ही धूळ सगळीकडे सारखी दाट नाही. १९४०च्या दशकात खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे यांनी कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून धनूमधल्या एका विरळ जागेचे फोटो पुन्हा पुन्हा घेतले. ती जागा आज ‘बाडे यांची खिडकी’ म्हणून ओळखली जाते. त्यांना हवे होते रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांचं तेज ठरावीक काळाने कमीजास्त होतं असे तारे. तिथे त्यांना आरआर लायरी जातीचे तारे भरपूर सापडले, आणि त्यांवरून काढलेलं केंद्राचं अंतर आजच्या आकड्यापासून फार लांब नव्हतं.

या जातीचा तारा काही तासांत फुगतो आणि आकसतो. त्याच्या बाहेरच्या थरातलं हेलियम आयनीभूत होताना, म्हणजे त्याच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटताना, उष्णता अडवून धरतं, थर फुगतो, मग उष्णता निसटते आणि थर पुन्हा खाली बसतो. ज्याच्यावरून जातीला नाव मिळालं, त्या स्वरमंडळातल्या ताऱ्याला एका फेरीला साडेतेरा तास लागतात. तेज झपाट्याने चढतं, मग सावकाश उतरतं, त्यामुळे आलेख पाहिला की जात ओळखू येते. आवर्तकाळ, म्हणजे एका फेरीचा वेळ, कळला की खरी तेजस्विता कळते. मग अंतराचं गणित सोपं: तेवढाच तेजस्वी तारा चौपट मंद दिसला, तर तो दुप्पट दूर. धुळीने किती प्रकाश खाल्ला हे ठरवणं मात्र किचकट, आणि खरी डोकेदुखी तीच.

म्हणून अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश. त्यात धूळ बरीच पारदर्शक होते आणि दहा-पंधरा प्रकाशकणांतला एक तरी पोचतो. चिलीतल्या पारानालच्या व्हिस्टा दुर्बिणीने २०१०पासून गाभ्याची अशी वारंवार छायाचित्रं घेतली. चिलीतच, लास काम्पानासला, पोलंडचा ‘ओगल’ प्रकल्प १९९२पासून चालू आहे. त्याला गाभ्याच्या दिशेला ३८ हजारांहून जास्त आरआर लायरी तारे सापडले. जागाही झकास: तिथे आकाशगंगेचं केंद्र जवळपास थेट डोक्यावरून जातं.

एवढे तारे हाती आल्यावर, हे तारे गाभ्यात कसे पसरलेत हा वाद मिटायला हवा होता. उलट तो वाढला. गाभ्यात ताऱ्यांचा एक लांबट पट्टा आहे आणि त्याचं एक टोक आपल्याकडे कललेलं आहे, हे इतर ताऱ्यांवरून ठाऊक होतं. आरआर लायरी तारे मात्र दहा अब्ज वर्षांहून म्हातारे. २०१३मध्ये व्हिस्टाच्या निरीक्षणांवरून एका गटाने सांगितलं की हे तारे पट्ट्यात नाहीत, साधारण गोलाकार पसरलेत. २०१५मध्ये ओगलच्या गटाने २७ हजारांवर तारे मोजून सांगितलं, लांबटच आहेत. २०१६मध्ये जवळपास हजार ताऱ्यांचे वेग मोजले गेले, तेव्हा ते पट्ट्याबरोबर फिरताना दिसले नाहीत. मला हा वेगाचा पुरावा जास्त वजनदार वाटतो, कारण वेग मोजायला धुळीचा हिशेब लागत नाही. बहुधा पट्टा बनण्याआधीचीच ही वस्ती असावी.

तरुण ताऱ्यांची गोष्ट निराळी. सेफिड हेही रूपविकारीच, पण मोठे, तेजस्वी आणि अल्पायुषी तारे, आणि त्यांचा आवर्तकाळ जितका मोठा तितकं वय कमी. २०११मध्ये जपानी खगोलशास्त्रज्ञ नोरियुकी मात्सुनागा आणि सहकाऱ्यांना केंद्राच्या अगदी जवळ असे तीन तारे सापडले. तिघांचाही आवर्तकाळ सुमारे २० दिवस, म्हणजे तिघेही सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी जन्मले. त्याहून छोट्या आवर्तकाळाचे, म्हणजे वयाने थोडे मोठे सेफिड तिथे मिळालेच नाहीत. त्यावरून या गटाने काढलेला निष्कर्ष असा: ७ कोटी ते ३ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात केंद्राजवळ नवे तारे फारसे जन्मलेच नाहीत.