इंजिनमधून ऑइल गळत असल्यास ॲडिटिव्ह घालावे का?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गाडी उभी राहते त्या जागी ऑइलचा डाग दिसू लागला, की ग्राहक आम्हाला बहुधा एकच गोष्ट विचारतात: सील बदलण्याऐवजी ऑइलमध्ये गळती थांबवणारे ॲडिटिव्ह घालून काम भागेल का? हा प्रश्न अगदी रास्त आहे. मागचे क्रँक सील, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या (क्रँकशाफ्टच्या) मागच्या टोकाभोवतीचे सील, स्वतः फारसे महाग नसते. परंतु त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरवावे लागते, आणि खर्चाचा मोठा भाग या खोलण्या-जोडण्याच्या मजुरीचा असतो. बाटलीने खरोखरच काम होणार असेल तर ग्राहकाला एवढ्या खर्चात पाडू नये, असे आम्ही मानतो. मात्र ॲडिटिव्ह एकाच प्रकारच्या गळतीवर उपयोगी पडते, आणि आपली गळती त्या प्रकारची आहे की नाही हे पाहिल्याशिवाय ते ओतणे म्हणजे आजार न तपासता औषध देण्यासारखे आहे.

सील कडक का होते आणि ॲडिटिव्ह काय करते

फिरणाऱ्या शाफ्टभोवतीच्या ऑइल सीलमध्ये धातूच्या कड्यावर रबराची एक पातळ कडा बसवलेली असते, जिला कारागीर सीलची लिप म्हणतात. ही लिप शाफ्टला हलक्या दाबाने टेकलेली असते आणि बहुतेक सीलांमध्ये तिच्यामागची बारीक गोल स्प्रिंग तो दाब टिकवून धरते. रबर लवचीक असेपर्यंत शाफ्ट किंचित हलला तरी लिप त्याच्याबरोबर हलते आणि ऑइल आतच राहते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने मात्र रबराला मऊ ठेवणारे घटक हळूहळू निघून जातात, रबराचे ऑक्सिडेशन होते, आणि लिप कडक होऊन आकसते. हा वेग रबराच्या जातीवर अवलंबून असतो: नायट्राइल रबर साधारण १०० ते १२० अंश सेल्सिअसपर्यंत दीर्घकाळ टिकते, तर फ्लुओरो रबर सुमारे २०० अंशांपर्यंत तग धरते. म्हणूनच नायट्राइलची सीले असलेल्या जुन्या इंजिनांमध्ये ही तक्रार अधिक दिसते.

गळतीवरच्या ॲडिटिव्हमध्ये एस्टरसारखे असे द्रव असतात, जे रबरात शिरून त्याला थोडे फुगवतात आणि थोडे मऊ करतात. यात नवे असे काही नाही. पॉलिअल्फाओलेफिन या जातीचे सिंथेटिक मूळ ऑइल रबराला किंचित आकसवते, म्हणून ऑइल तयार करतानाच त्यात रबर फुगवणारा एस्टर योग्य प्रमाणात मिसळून तोल साधलेला असतो, आणि इंजिन ऑइलच्या मानकांमध्ये रबरावरील परिणामाची चाचणीही असते. जास्त किलोमीटर झालेल्या गाड्यांसाठी मिळणाऱ्या ऑइलमध्ये हे घटक अधिक प्रमाणात असतात. ज्यांच्या गाडीची सीले नुसती ओलसर होऊ लागली आहेत, त्यांना आम्ही वेगळ्या बाटलीऐवजी पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी असे ऑइल घालण्याचा सल्ला देतो, कारण त्यातील प्रमाण ऑइल बनवणाऱ्याने ठरवलेले असते.

थोडक्यात, रबर केवळ कडक झाले असेल, पण फाटलेले नसेल, तर ॲडिटिव्हचा गुण येऊ शकतो. व्हॉल्व्हच्या दांड्यांवरची सीलेही याच जातीत मोडतात. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताना काही क्षण निळसर धूर येत असेल तर संशय त्यांच्यावर घ्यावा. परंतु लिप चिरली असेल, स्प्रिंग निसटली असेल किंवा लिपच्या घासण्याने शाफ्टवरच खाच पडली असेल, तर रबर कितीही मऊ केले तरी ती फट बुजत नाही. कागदाच्या किंवा कॉर्कच्या गॅस्केटवर, पसरून लावलेल्या सिलिकॉनच्या जोडावर, ढिल्या झालेल्या बोल्टवर आणि ड्रेन बोल्टच्या दबलेल्या वॉशरवरही ॲडिटिव्हचा काही उपयोग नाही. टर्बोच्या शाफ्टवर तर बहुधा रबराचे सील नसतेच, धातूच्या रिंगा असतात.

आधी ब्रीदर पाहावा

या मुद्द्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, म्हणून तो सविस्तर सांगतो. प्रत्येक इंजिनमध्ये जळालेल्या वायूंपैकी थोडा भाग पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या इंजिनच्या खालच्या पोकळीत, उतरतो. हा वायू बाहेर नेण्यासाठी ब्रीदरची नळी आणि बहुतेक गाड्यांमध्ये पीसीव्ही व्हॉल्व्ह (हा वायू बाहेर सोडणारी झडप) असतो. तो ऑइलच्या चिकट गाळाने तुंबला, की क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि जे सील सर्वांत दुबळे असेल तेथून ऑइल बाहेर ढकलले जाते. अशा वेळी दोष सीलचा नसतो. नवे सील बसवले तरी ते काही दिवसांत पुन्हा ओले होते. हा अनुभव आम्हीही सुरुवातीच्या काळात घेतला आणि ग्राहकाला त्याच कामासाठी दुसऱ्यांदा यावे लागले, याची खंत आजही वाटते. त्यानंतर गळतीच्या प्रत्येक गाडीत आम्ही आधी ब्रीदर आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासतो. तुलनेने लहानशा या साफसफाईने किंवा एका व्हॉल्व्हच्या बदलाने थांबलेल्या गळत्या आम्ही पाहिल्या आहेत.

त्याचबरोबर डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, पाहावी. ऑइल वरच्या खुणेच्या बरेच वर असेल, तर फिरणारा क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि ऑइल नको तेथून बाहेर येते. अशा इंजिनमध्ये आणखी एक बाटली ओतणे उलट अपायकारक ठरेल.

गळतीचे ठिकाण ओळखणेही वाटते तितके सोपे नाही. ऑइल खाली ओघळते आणि धावत्या गाडीच्या वाऱ्याने मागे फेकले जाते, त्यामुळे गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी ठिबकणारे ऑइल अनेकदा वरच्या टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून किंवा ऑइल प्रेशर स्विचमधून आलेले असते. आम्ही इंजिन स्वच्छ करून, ऑइलमध्ये चमकणारा रंग मिसळून आणि गाडी काही अंतर चालवून अतिनील दिव्याखाली उगम शोधतो. मागचे सील बदलायचे ठरवण्यापूर्वी ही तपासणी झालीच पाहिजे.

किती गळती सहन करता येईल

साधारण २० थेंबांचे १ मिलिलिटर होते. दिवसाला २० थेंब पडत असतील तर महिन्याला सुमारे ३० मिलिलिटर ऑइल जाते, आणि कारच्या इंजिनमध्ये बहुधा ३ ते ५ लिटर ऑइल असते हे ध्यानात घेता, अशा गळतीने इंजिनला लगेच धोका नसतो. येथे ॲडिटिव्ह वापरून पाहण्यास आमची हरकत नाही. परंतु इंजिन चालू असताना दर सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर तासाला १८० मिलिलिटर म्हणजे पाच तासांच्या प्रवासात ९०० मिलिलिटर ऑइल जाईल, आणि अनेक गाड्यांत डिपस्टिकच्या वरच्या व खालच्या खुणांमधील अंतर जेमतेम १ लिटरचे असते. अशी गाडी बाटलीच्या भरवशावर लांबच्या प्रवासाला नेऊ नये.

गळती कमी असली तरी पुढील ठिकाणी आम्ही ॲडिटिव्ह घालण्यास स्पष्ट नकार देतो. पुढच्या क्रँक सीलमधून किंवा कॅमशाफ्टच्या सीलमधून ऑइल टायमिंग बेल्टवर जात असेल, तर बेल्ट फुगून तुटू शकतो आणि अनेक इंजिनांमध्ये त्याबरोबर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. ऑइल क्लच प्लेटपर्यंत पोहोचले असेल तर क्लच घसरू लागतो. ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडत असेल तर आग लागण्याचा धोका असतो. या तिन्ही बाबतींत वाट पाहण्यात वाचणाऱ्या पैशापेक्षा होऊ शकणारे नुकसान फार मोठे आहे. ज्या मोटारसायकलींमध्ये क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यांत कारसाठीचे ॲडिटिव्ह घातल्यास क्लच घसरू शकतो. म्हणून तेही आम्ही टाळतो.

वापरायचे ठरल्यास

गाडी वॉरंटीत असेल तर आधी हस्तपुस्तिका वाचावी, कारण अनेक उत्पादक वेगळे ॲडिटिव्ह घालू नये असे त्यात नमूद करतात. बाटली निवडताना ती रबरावर काम करणारी आहे की ऑइल नुसते दाट करणारी, हे पाहावे. दाट ऑइल फटीतून सावकाश झिरपते, एवढाच दुसऱ्या प्रकारचा परिणाम असतो, आणि थंड इंजिन सुरू होताना तेच ऑइल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते. रबर फुगवण्यासाठी इंजिन ऑइलमध्ये थोडे ब्रेक ऑइल घालण्याचा एक घरगुती उपाय सांगितला जातो. तो कृपया कधीही करू नये. ब्रेक ऑइलमधील ग्लायकॉल हे द्रव इंजिनच्या सीलांसाठी बनवलेलेच नाहीत, त्यांनी रबर बेसुमार मऊ होऊन कायमचे खराब होऊ शकते आणि ऑइलचे वंगणही बिघडते.

लेबलवर दिलेलेच प्रमाण घालावे आणि बाटलीतील द्रवाइतकी जागा डिपस्टिकवर आधीच ठेवावी. रबरात द्रव मुरायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या दिवशी फरक दिसणार नाही. काही आठवडे नेहमीप्रमाणे गाडी चालवावी आणि दर आठवड्याला, इंजिन बंद केल्यावर ठरावीक वेळाने, सपाट जागेवर डिपस्टिक पाहून पातळी लिहून ठेवावी. साधारण १,००० किलोमीटरनंतरही पातळी पूर्वीच्याच वेगाने उतरत असेल, तर दुसरी बाटली घालू नये. गरजेपेक्षा जास्त फुगलेले रबर दुबळे होते आणि शाफ्टवर लवकर झिजते. त्या टप्प्यावर सील बदलणेच योग्य, आणि शाफ्टवर खाच असल्यास तिच्यावर पातळ स्लीव्ह चढवूनच नवे सील बसवावे लागते.

तपासणीसाठी गाडी आणताना इंजिन धुऊन आणू नये. ऑइलचे ओघळ जसेच्या तसे असले तर गळती कोठून सुरू झाली हे आम्हाला लवकर कळते. आधी कोणतेही ॲडिटिव्ह घातले असल्यास त्याची बाटली किंवा लेबलचे छायाचित्र आणि लिहून ठेवलेल्या पातळीच्या नोंदी सोबत आणाव्यात.