कॅप्टन नेमोची कापलेली पानं

ज्यूल व्हर्नची समुद्राखालच्या सफरीची कादंबरी शाळेत असताना वाचली, असं सांगणारे पुष्कळ जण भेटतात. त्यांतल्या बहुतेकांच्या हाती पडलेली असते ती दीड-दोनशे पानांची कुमार आवृत्ती. मूळ पुस्तक दोन भागांचं आणि ४७ प्रकरणांचं आहे. मोठेपणी ते पुरतं वाचायला घेतलं की त्यातल्या नॉटिलस पाणबुडीचा कप्तान नेमो हा वेगळाच माणूस निघतो. लहानपणी भेटलेला नेमो इतका अर्धामुर्धा का होता, याचं उत्तर दीडशे वर्षांमागच्या प्रकाशन व्यवहारात आहे.

व्हर्नचा प्रकाशक पिएर-ज्यूल हेत्झेल. १८६४ साली त्याने पॅरिसमध्ये मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी शिक्षण-मनोरंजनाचं एक पाक्षिक सुरू केलं. व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या आधी त्यात क्रमशः येत आणि मग पुस्तकरूपाने निघत. समुद्राखालची सफर मार्च १८६९ ते जून १८७० या काळात छापली गेली. म्हणजे हे लेखन फक्त मुलांसाठी नव्हतं, घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचण्यासाठी होतं. शीर्षकातले वीस हजार लीग म्हणजे पाण्याखालून कापलेलं अंतर. एक लीग चार किलोमीटरचा धरला, तर ते ऐंशी हजार किलोमीटर, पृथ्वीला जवळजवळ दोन प्रदक्षिणा होतात. ती खोली आहे असा समज अजूनही सर्रास आढळतो.

पहिली कात्री हेत्झेलचीच. व्हर्नच्या मनातला नेमो पोलिश सरदार होता. १८६३चा पोलंडचा उठाव रशियाने चिरडला, त्यात घरदार गमावलेला. पण हेत्झेलची पुस्तकं रशियातही खपत होती, त्यामुळे त्याने हरकत घेतली. दोघांत बरीच पत्रापत्री झाली आणि अखेर नेमोचा देश, त्याचं नाव, त्याच्या सुडाचं कारण, सगळंच झाकलेलं राहिलं. त्या धूसरपणामुळे नेमोभोवती एक गूढ वलय आलं खरं, पण तो इतका का पेटलेला आहे हे वाचकाला कळेनासं झालं.

दुसरी कात्री इंग्रजी भाषांतराची, आणि खरी नासधूस तिने केली. १८७२-७३च्या सुमारास ल्यूइस मर्सिअर यांचं भाषांतर निघालं. त्यांनी मजकुराचा सुमारे चौथा हिस्सा गाळला. नेमोच्या खोलीत स्वातंत्र्यासाठी लढलेल्या माणसांच्या तसबिरी आहेत, त्यांत आयर्लंडचा डॅनियल ओकॉनेलही आहे. तो परिच्छेदच उडाला. शास्त्रीय चुका तर ढिगाने. पोलादाची घनता पाण्याहून कमी सांगितली आहे, म्हणजे नॉटिलसचा पत्रा पाण्यावर तरंगायला हवा! पाणबुड्यांच्या पोशाखाला 'कॉर्क जॅकेट', म्हणजे तरंगवणारं बुचाचं जाकीट, म्हटलं आहे, आणि ते घालून माणसं समुद्राच्या तळावर चालतात. इंग्रजी वाचकांत व्हर्न हा 'पोरांसाठी लिहिणारा, शास्त्रात कच्चा' ठरला, त्यात या भाषांतराचा वाटा मोठा आहे. १९६०च्या दशकात वॉल्टर जेम्स मिलर या अमेरिकन अभ्यासकाने मूळ मजकुराशी ताडून हे सगळं उघड केलं.

भारतीय वाचकाने लक्ष द्यावं असा भाग आहे तो व्हर्नच्याच 'रहस्यमय बेट' या १८७४-७५च्या कादंबरीत. तिथे नेमो आपली ओळख देतो: बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कर, टिपूचा पुतण्या. १८५७च्या लढ्यात तो उतरला, त्यात आईवडील आणि बायकामुलं गेली, आणि मग तो समुद्राकडे वळला. टिपूचं घराणं म्हैसूरचं, त्याचा बुंदेलखंडाशी संबंध काय, हे व्हर्नने पाहिलेलं दिसत नाही. तरी एका फ्रेंच लेखकाने १८५७कडे पराभूतांच्या बाजूने पाहावं, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. किंग्स्टन यांच्या नावाने निघालेल्या इंग्रजी भाषांतरात मात्र हा भाग पुन्हा लिहून काढलाय. इंग्रजांवरचा राग बोथट केला आहे, आणि उठावाचं खापर महत्त्वाकांक्षी राजेरजवाड्यांवर फोडलं आहे.

मराठीत व्हर्न घरोघर पोहोचवला तो मुख्यतः भा. रा. भागवतांनी (१९१०–२००१). त्यांची रूपांतरं कुमारांसाठी आहेत आणि त्या कामाला ती चोख आहेत. भाषेचा वेग आणि खेळकरपणा आजही वाचावासा वाटतो. ती जपून ठेवावीत. पण नेमोचा पूर्ण माग काढायचा असेल, तर सोबत पूर्ण भाषांतर हवं.

ते निवडताना भाषांतरकाराचं नाव पाहावं. नाव छापलेलंच नसेल, तर ती बहुधा हक्क संपलेली जुनी प्रत असते. खात्री करायची असेल तर समुद्राखालच्या सफरीचं दुसरं प्रकरण उघडावं. कथा सांगणारे प्रा. आरोनाक्स अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या 'नकोशा' प्रदेशातून परतलेले असतील, तर ते मर्सिअरचं. मूळात तिथल्या 'बॅडलँड्स' या उजाड टेकड्यांचा उल्लेख आहे. व्हर्नच्या पृथ्वीच्या पोटातल्या सफरीच्या कादंबरीत प्राध्यापकाचं नाव लिडेनब्रॉकऐवजी हार्डविग आणि पुतण्याचं नाव अ‍ॅक्सेलऐवजी हॅरी दिसलं, तर ती १८७१ची बदललेली आवृत्ती समजावी. समुद्राच्या सफरीसाठी विल्यम बुचर (१९९८) किंवा एफ. पी. वॉल्टर यांचं भाषांतर घ्यावं; वॉल्टर यांचं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतं. 'रहस्यमय बेटा'साठी २००१ साली आलेली जॉर्डन स्टम्प आणि सिडनी क्रॅविट्झ यांची भाषांतरं आहेत.

पूर्ण प्रत वाचताना हमखास अडकायला होतं ते माशांच्या याद्यांपाशी. आरोनाक्स यांचा नोकर कॉन्सेल एकेका माशाचं कुळ-गोत्र सांगत बसतो. हे वर्गीकरण भरभर वाचलं तरी चालेल. पण नकाशा जवळ ठेवून अक्षांश-रेखांश मात्र पाहावेत, कारण सगळा प्रवास त्यांवरच बांधलेला आहे. मन्नारच्या आखातातलं मोत्यांचं प्रकरण सावकाश वाचावं. शार्कच्या तोंडातून एका गरीब पाणबुड्याला वाचवल्यावर नेमो जे बोलतो, त्यात पुढच्या डक्करची चाहूल लागते.

क्रम लावायचा तर आधी 'कॅप्टन ग्रांटची मुलं', मग समुद्राखालची सफर, मग 'रहस्यमय बेट', कारण शेवटच्या पुस्तकात आधीच्या दोन्हींतली पात्रं येतात. तिन्हींतल्या सनावळ्या एकमेकींशी जुळत नाहीत. हा घोळ व्हर्नचा स्वतःचा आहे, तेव्हा हिशेब लावण्यात वेळ घालवू नये. त्यानंतर १८८०चं 'वाफेचं घर' घ्यावं. त्यात वाफेवर चालणाऱ्या लोखंडी हत्तीमागे घर जोडून उत्तर भारताची सफर होते, आणि कथेतला शत्रू आहेत खुद्द नानासाहेब पेशवे. डक्करला इतक्या सहानुभूतीने रंगवणारा लेखक पाच-सहा वर्षांत नानासाहेबांना खलनायक करतो. ही दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचली, तरच हा फरक पुरता जाणवतो.