वीज पडते झाडावर, मग बैल का मरतो?

परतीचा पाऊस सुरू झाला की पेपरात एक बातमी हमखास येते, सोयाबीन सोंगताना पाऊस आला, मजूर झाडाखाली थांबले आणि वीज पडली. मग कुणीतरी ‘पायाळू असेल’ म्हणतंच. अहो, पायाळू म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आले एवढंच, त्याचा ढगातल्या चार्जशी काय संबंध? खिशातला मोबाइलही वीज ओढून घेत नाही. मोकळ्या रानात सगळ्यात उंच काय ते महत्त्वाचं, म्हणजे बांधावरचा कडुनिंब, नाहीतर तुम्ही.

पण बरेच लोक वीज थेट अंगावर पडून जातच नाहीत. झाडावरून शेजारच्या माणसावर ती उडी मारते हे एक, आणि दुसरं म्हणजे जमिनीतून येणारा करंट, ज्याच्याबद्दल कुणी बोलतच नाही.

समजा झाडावर ३०,००० अँपिअरची वीज पडली. ती बुंध्यातून जमिनीत जाते आणि चहूकडे पसरते. माती तिला अडवते, त्यामुळे बुंध्यापाशी व्होल्टेज प्रचंड आणि लांब जावं तसं कमी, खळ्यातल्या राशीसारखा उतार, मधे चढा आणि कडेला सपाट. तुमचा एक पाय या उतारावर वर आणि दुसरा खाली असला की दोन्हींत जो फरक पडतो त्याला स्टेप व्होल्टेज म्हणतात, करंट एका पायातून चढतो, दुसऱ्यातून उतरतो. मातीची रोधकता (म्हणजे करंटला अडवायची ताकद) १०० ओहम-मीटर धरून गणित केलं तर झाडापासून १० मीटरवर ७० सेंमी पाय फाकवून उभं राहिलं की साधारण ३,००० व्होल्ट येतात, पाय जवळ घेऊन १० सेंमी अंतर ठेवलं तर ५०० च्या आत. आणि बैल? पुढच्या-मागच्या पायांत दीड मीटर, म्हणजे ६,००० च्या वर, शिवाय करंटचा रस्ता छातीतूनच! नॉर्वेत २०१६ साली एका वादळात ३२३ रेनडिअर एकदम मेले ते असेच. झाडापासूनचं अंतर दुप्पट केलं की दोन पायांतला हा व्होल्टेजचा फरक जवळपास चौथाई होतो. मात्र मुरमाड, खडकाळ माळावर रोधकता जास्त, त्यामुळे तीच वीज तिथे जास्त घातक.

म्हणून गडगडाट ऐकू आला की काम सोडा, पक्क्या घरात किंवा बंद काचांच्या गाडीत जा. उघडा ट्रॅक्टर, चार खांबांवरची पत्र्याची शेड, तारेचं कुंपण, विहिरीवरची मोटर हे काही कामाचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आजूबाजूच्या विजा दाखवतं, ते फुकट आहे. कुठेच जाता आलं नाही तर झाडापासून लांब, पाय जुळवून उकिडवं बसा, एकमेकांपासून अंतर ठेवा, आडवं पडू नका. हे नाइलाजाचं आहे, पूर्ण संरक्षण नाही.

कुणाला फटका बसलाच तर शेणात पुरणं वगैरे प्रकार करू नका, त्यात वेळ जातो. त्याच्या अंगात करंट उरलेला नसतो, बिनधास्त हात लावा. बऱ्याचदा हृदय बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होतं पण श्वास सुरू होत नाही, आणि ऑक्सिजन नाही म्हणून हृदय दुसऱ्यांदा थांबतं. तेव्हा १०८ ला फोन करून लगेच छाती दाबायला घ्या, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि येत असेल तर तोंडाने श्वासही द्या. चार जण पडले असतील तर ओरडणाऱ्याकडे नंतर, निपचित पडलेल्याकडे आधी.