प्रशासकीय सुधारणा आणि लोकसेवांचा दर्जा

शासनयंत्रणेतील भरती, अधिकारांची वाटणी, कार्यपद्धती आणि उत्तरदायित्व यांत जाणीवपूर्वक केलेले बदल म्हणजे प्रशासकीय सुधारणा. त्यांचा खरा कस कार्यालयाच्या खिडकीपाशी लागतो: काम किती दिवसांत, किती हेलपाट्यांत झाले आणि माणसाला कशी वागणूक मिळाली.

सुरुवात भरतीपासून झाली. ब्रिटनमध्ये 1854 च्या नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवालाने वशिल्याऐवजी स्पर्धा परीक्षा सुचवली. अमेरिकेत 1881 मध्ये सरकारी पद न मिळालेल्या एका इच्छुकाने अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर 1883 मध्ये गुणवत्तेवर भरती ठरवणारा पेंडल्टन कायदा झाला. यामुळे पात्र माणसे नोकरीत आली आणि सत्तांतरानंतरही टिकू लागली. सेवेतील सातत्याचा पाया हाच.

1980 च्या दशकात नवलोकव्यवस्थापनाचा, म्हणजे खासगी कंपन्यांच्या व्यवस्थापनाच्या पद्धती सरकारी कामात आणण्याचा, विचार पुढे आला. न्यूझीलंडने 1988 च्या कायद्याने खातेप्रमुखांना मुदतीच्या करारावर आणले. ब्रिटनने 1991 मध्ये नागरिकांची सनद, म्हणजे सेवेच्या दर्जाची जाहीर हमी, काढली. कामाला कालमर्यादा आणि उद्दिष्टे आली.

उद्दिष्टांचा परिणाम दुहेरी असतो. इंग्लंडमधील रुग्णालयांत आकस्मिक विभागातील रुग्णाला 4 तासांत दाखल करावे, दुसरीकडे हलवावे किंवा घरी सोडावे असे ठरले, तेव्हा रेंगाळणे घटले, हे मान्य करायलाच हवे. पण मुदत संपण्याआधीच्या मिनिटांत रुग्ण हलवण्याचे प्रमाण एकाएकी वाढलेलेही दिसले. आकडा सांभाळला गेला; त्या घाईने रुग्णाचे भले झालेच असे म्हणता येत नाही. दाखले देणाऱ्या कार्यालयातही हेच घडू शकते: मुदत जवळ आली की किरकोळ त्रुटी काढून अर्ज परत करायचा, म्हणजे तो ‘निकाली’ निघतो आणि अर्जदार पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. म्हणून निकाली अर्जांसोबत फेटाळलेले व परत केलेले अर्जही मोजले पाहिजेत.

संगणकीकरणाचेही तसेच. एस्टोनियाने 2001 पासून एक्स-रोड या प्रणालीने सरकारी खात्यांच्या नोंदी एकमेकींशी जोडल्या. एका खात्याकडे असलेली माहिती दुसऱ्याने नागरिकाकडे पुन्हा मागू नये, हे तिथले तत्त्व आहे. म्हणजे मुळात कागदच कमी झाले. याउलट जुनी पाच टेबले आणि पाच सह्या तशाच ठेवून फक्त अर्ज ऑनलाइन केला, तर रांग दिसेनाशी होते, दिवस मात्र तेवढेच लागतात.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो खिडकीवरचा कर्मचारी. स्पेलिंगमधली चूक दुरुस्त करण्याचा अधिकारही त्याला नसेल, तर फाइल वरिष्ठाकडे जाते आणि समोरच्या माणसाला ‘उद्या या’ असे ऐकावे लागते.